खांबेटे मास्तरांचं आगाऊ वर्णन

आमच्या कल्याणात सण कसा झाला हे गावाला सण झाल्यावर कळायचं. खांबेटे मास्तरांना मात्र ते दोन दिवस आधीच ठाऊक असायचं. यात देवाची कृपा वगैरे काही नव्हती. ठाण्याहून एक आठवड्याचं वर्तमानपत्र निघायचं, दर बुधवारी. त्यात ‘कल्याण, आमच्या बातमीदाराकडून’ म्हणून जो मजकूर यायचा तो श्रीपाद खांबेटे यांचा. बुधवारी पत्र निघणार म्हणजे मजकूर सोमवारच्या टपालात पडलाच पाहिजे, आणि सण काही वार बघून येत नाहीत. मंगळवारचा सण पुढच्या बुधवारी छापला तर तो शिळा. म्हणून मास्तर रविवारीच बैठक मारून मंगळवारचा सण लिहून टाकत. सुरुवात ठरलेली: ‘काल येथे’.

मी त्यांना एकदा विचारलं, “मास्तर, आणि काल येथे पाऊस पडला तर?”

“तर काय झालं? ‘पावसाची तमा न बाळगता’ असे चार शब्द संपादक आपले आपण घालतात. तेवढं त्यांना येतं.”

आम्ही दोघं एकाच सरकारी मराठी शाळेत. ते चौथीला शिकवायचे, मी दुसरीला. राहायचोही समोरासमोर, पारनाक्याजवळच्या एका बोळात. ते माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, म्हणून मला त्र्यंबका म्हणत आणि मी त्यांना मास्तर. त्यांच्याकडे लाल खारव्याने बांधलेली एक वही होती. डाव्या पानावर सणाचं नाव आणि उजव्या पानावर त्या सणाला शोभणारे शब्द. साधी जत्रा असली तर ‘उत्साह’. गर्दी बरी जमली तर ‘आनंदीआनंद’. वाजंत्री असली तर गाव दुमदुमून जायचं, आणि मामलेदार येऊन गेले तर आनंद ‘अवर्णनीय’ व्हायचा. ‘अवर्णनीय’ लिहून झाल्यावर पुढे दीड रकाना वर्णन असायचंच. उत्साहाला उधाण, फराळाची रेलचेल, आबालवृद्धांची झुंबड, घरोघरी लगबग. गंमत अशी की हे सगळं लिहिणारा माणूस सणाच्या दिवशी घराबाहेर पडत नसे. गर्दीला घाबरायचा. कुत्र्याला घाबरायचा, होडीला घाबरायचा, शाळा तपासायला येणाऱ्या साहेबाला तर इतका की साहेब गेल्यावर दोन दिवस पोट बिघडायचं. झुंबडीचं वर्णन त्यांनी जन्मभर खिडकीत बसून केलं.

मी हे थट्टेने लिहितो आहे खरा, पण ही गोष्ट भीतीची आहे. आणि त्या भीतीत मी स्वतः कसा वागलो हेही मला सांगायचं आहे. इतकी वर्षं टाळलं, आता टाळत नाही.

मुंबईत प्लेग येऊन वर्ष झालं होतं. सालाचा हिशेब हवाच असेल तर अठराशे सत्त्याण्णव. त्या वर्षी दसरा मंगळवारी आला. मास्तरांनी रविवारी नेहमीप्रमाणे वर्णन लिहिलं, सोमवारी टपालात टाकलं. सोमवारीच दुपारी पारनाक्यावरच्या भुसार दुकानात उंदीर पडले.

उंदीर पडले म्हणजे काय हे आता कुणाला सांगून कळणार नाही. भर दिवसा, माणसांच्या देखत, पोत्यांमागून उंदीर बाहेर येतो. पळत नाही. दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात रस्त्याच्या मध्यावर येतो, गोल फिरतो आणि मरतो. मग दुसरा येतो. दुकानदार फळ्या लावून निघून गेला. संध्याकाळपर्यंत आमच्या बोळात एकही दार उघडं नव्हतं, आणि मंगळवारी पहाटे छकड्यांची खडखड सुरू झाली. सामान कमी, माणसं जास्त. म्हाताऱ्यांना घोंगडीत बसवून लोक रानात, शेतावर, नातलगांकडे, वाट फुटेल तिकडे निघाले होते.

दसऱ्याला शाळेत पाटीपूजन. साठांपैकी नऊ मुलं आली. पूजा झाली, आणि नऊही मुलं एकमेकांपासून हातभर अंतरावर बसली. त्यांना तसं बसा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. सीमोल्लंघनाला दुर्गाडी किल्ल्याकडे जायच्या वाटेवर संध्याकाळी मी पाहिलं, आपट्याच्या पानांची एक पाटी रस्त्याकडेला तशीच पडली होती आणि विकणारी बाई नव्हती.

आणि गुरुवारी पत्र हाती आलं. ‘काल येथे विजयादशमीचा सण अपूर्व उत्साहाने पार पडला. सोने लुटण्यास आबालवृद्धांची झुंबड उडाली. सर्वत्र आनंदीआनंद असून कोणाच्या चेहऱ्यावर चिंतेचा लवलेशही दिसत नव्हता.’

हौसाबाई म्हणून एक आगरीण खाडीपलीकडून भाजी घेऊन यायची. तिला वाचता येत नव्हतं, पण ते वर्णन तिने कुणाकडून तरी ऐकलं होतं. मास्तर ओट्यावर उभे होते. ती पाटी न उतरवताच म्हणाली, “मास्तर, तुमच्या कागदातल्या कल्यानान आमाला पन न्या की वो. आमचे आलीन तीन मानसा गेली.”

आळीतली तीन मरणं ऐकून मास्तर वळले. घरात गेले. मला वाटलं शरमले. पण नंतर मला म्हणाले, “त्र्यंबका, चांगलंच लिहिलं ना मी? वाईट तर नाही ना लिहिलं? चांगल्याने कुणाचं काय बिघडतं?”

कुणाचं काय बिघडतं ते पंधरा दिवसांत समजलं.

मास्तरांना एकच मूल, उत्तरा. तेरा वर्षांची. वैशाखात तिचं लग्न झालं होतं. सासर नाशिकचं. सासरे आत्मारामपंत दातार, वकिलाकडे कारकून. स्वभावाने ताठ, मानपानाला फार जपणारे. पहिली दिवाळी म्हणजे दिवाळसण. जावयाला आणि मुलीला बोलवायचं, अभ्यंगस्नान, ओवाळणं, जेवणावळ. सुमतीवहिनींनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, श्रावणापासून तयारी चालवली होती. आणि मास्तरांनी काय केलं होतं, तर आपलं नाव व्याह्यांच्या डोळ्यांसमोर राहावं म्हणून ते ठाण्याचं पत्र लग्नापासून दर आठवड्याला नाशिकला जाईल अशी व्यवस्था केली होती. आपली लेखणी केवढी हे त्यांना कळावं, एवढाच हेतू.

दसऱ्यानंतर प्लेग गावात पसरला. काखेत किंवा जांघेत गाठ, ताप, बरळणं, आणि तीन दिवसांत माणूस संपला. त्याहून लोकांना भीती तपासणीची. घरात आजारी सापडला किंवा उंदीर पडल्याचं कळलं की शिपाई यायचे. घरातली सगळी माणसं गावाबाहेरच्या छावणीत न्यायचे, कौलं उतरवायचे, भिंतींना चुना फासायचे, अंथरुणं-कपडे अंगणात जाळायचे आणि दारावर खूण करायचे. छावणीत गेलेला परत येत नाही, असं लोक म्हणत. ते सगळं खरं नव्हतं, पण मी स्वतः मानत होतो. गळ्यात कापराची पुरचुंडी बांधून मी फळ्यावर गणित लिहायचो आणि मुलांकडे पाठ असताना डावा हात हळूच काखेत घालून चाचपून बघायचो. एकदा वळलो तर मुलंही तेच करत होती.

अशा दिवसांत मास्तरांनी व्याह्यांना पत्र लिहिलं, यंदा मुलांना पाठवू नका म्हणून. टपालात टाकायच्या आधी मला दाखवायला आणलं. मी वाचलं आणि माझं डोकं फिरलं.

‘चिरंजीव जावई व चिरंजीव सौभाग्यवती उत्तरा यांचे मार्गाकडे आम्ही डोळे लावून बसलो आहोत. तथापि येथील हवा सांप्रत किंचित बरी नसल्याकारणाने आपणांस योग्य वाटल्यास सण पुढे करावा.’ आणि कागदाच्या चारी कोपऱ्यांना कुंकू.

“मास्तर, हे काय लिहिलंय? हे येऊ नका आहे की या आहे?”

“येऊ नका आहे.”

“मग कुंकू कशाला?”

“सणाचं पत्र आहे ते. कोरं कसं पाठवू? कोरं पत्र मयताचं असतं.”

“मग उंदीर पडतायत म्हणून लिहा. रोज चार-पाच माणसं जातायत म्हणून लिहा. गाव ओसाड पडलंय म्हणून लिहा!”

त्यांनी पत्राची घडी घातली. “पोरीचं लग्नाचं पहिलं वर्ष, त्र्यंबका. तिच्या घरात पहिल्या सणाला माझ्या हातचा कागद जायचा आणि त्यात मरणाच्या गोष्टी? तिचे सासरे तिला काय म्हणतील? पांढऱ्या पायाची म्हणतील. मला नाही लिहवत. शब्दच सुचत नाहीत मला तसले.”

हे मात्र खरं होतं. मी त्यांना पुष्कळ टाकून बोललो, पण ते खरं होतं. तीस वर्षं त्यांनी लाल वहीत एकाच जातीचे शब्द गोळा केले होते. घाबरलेल्या माणसाने लिहायचा एकही शब्द त्या वहीत नव्हता. कुंकवाचं पत्र कुंकवासकट गेलं.

उत्तर येईना. मास्तर रोज टपालवाल्याची वाट पाहायचे, आणि टपालवाला येत नव्हता, कारण तोही गाव सोडून पळाला होता. टपाल कचेरीत पत्रांचे ढीग पडले होते. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मास्तरांच्या घरात कणगीमागून वास येऊ लागला. वहिनींनी कणगी सरकवली. दोन उंदीर. एक पुरता मेलेला, दुसरा अजून हलणारा.

मास्तर बोळ ओलांडून माझ्याकडे आले. दाराशी उभे राहिले, आत आले नाहीत. मग सांगितलं. मी काय केलं? मी दार अर्धं लावून घेतलं आणि फटीतून बोललो. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही, ते फटीतूनच ऐकत राहिले.

“कळवू नका,” मी म्हणालो. “जाळून टाका. कळवलंत तर आख्खा बोळ छावणीत जाईल.” बोळ म्हणताना मला फक्त माझं घर दिसत होतं.

“नाही कळवत. उत्तरा येणार नाही आता. मी लिहिलंय ना तसं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः टपाल कचेरीत गेलो. ढिगात मास्तरांच्या नावचं पत्र सापडलं, चार दिवसांपूर्वी नाशिकहून टाकलेलं. आणून दिलं. मास्तरांनी फोडलं. आतून वर्तमानपत्राचं एक कात्रण पडलं, पत्राला टाचणीने टोचलेलं. दसऱ्याचं वर्णन. ‘चिंतेचा लवलेशही’ या शब्दांखाली तांबड्या शाईने रेघ मारली होती.

पत्र त्यांनी मोठ्याने वाचलं. का ते मला माहीत नाही, कदाचित स्वतःला खरं वाटावं म्हणून. ‘आपल्याच लेखणीने आपले गावी सर्वत्र आनंदीआनंद असल्याचे आम्ही वाचले. तेथील हवा केवळ दिवाळसणापुरती बिघडली हे नवल आहे. आम्ही मानाचे भुकेले नाही, परंतु जनरीत मोडणेही आमचे घराण्यात नाही. सबब चिरंजीव दिनकर व सूनबाई धनत्रयोदशीस सकाळच्या गाडीने निघून दुपारी पोहोचतील.’

त्या दिवशी धनत्रयोदशी होती.

मास्तर जिथे होते तिथेच खाली बसले. वहिनी आतून आल्या, त्यांनी पत्र ऐकलं होतं. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, “उठा. स्टेशनावर जा. माझ्या पोरीला या घरात आणू नका.”

कल्याणचं स्टेशन तेव्हा गावापासून लांब होतं. आम्ही चालत निघालो. मास्तर पुढे, मी मागे, अंतर ठेवून. वाटेत माणूस दिसत नव्हता. एका घराच्या कौलांचा ढीग रस्त्यावर रचलेला आणि आत उघड्या छपराखाली चुन्याने पांढरं झालेलं देवघर. मास्तर सारखे पुटपुटत होते. मी जवळ जाऊन ऐकलं. “परत जा. परत जा. परत जा.” शाळेतलं पोर पाठांतर करतं तसं त्यांचं चाललं होतं. तेव्हा मला त्यांची इतकी दया आली की मी दोन पावलं जवळ गेलो आणि मग आठवून पुन्हा मागे राहिलो.

स्टेशनावर तपासणीचं ठाणं होतं. उतरणाऱ्या प्रत्येकाला रांगेत उभं करायचे. पुरुषांच्या काखा उघड्यावर तपासायचे, बायकांच्या पडद्याआड, त्याला एक बाई ठेवली होती. एक देशी डॉक्टर टेबल टाकून बसलेला, बाजूला चार शिपाई. फिनेलचा वास इतका की डोळ्यांना पाणी यायचं. फलाटावर कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

गाडी आली. उतरणारी माणसं मूठभर. त्यांत उत्तरा. हिरवं लुगडं, नाकात नथ, हातात चांदीचा करंडा, अंगावर सासरचे दागिने. सहा महिन्यांत उंच झाली होती. तपासणी झाली आणि ती पडद्याआडून बाहेर आली ती बावरलेली, पण बापाला पाहिलं आणि हसली. धावतच आली. “नाना!” म्हणाली आणि पायांवर डोकं ठेवायला वाकली.

मास्तर दोन पावलं मागे सरले.

ती वाकलेली तशीच राहिली. मग मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरलेलो नाही. आपलं काय चुकलं, हे त्या नजरेत होतं. मागून जावई आले, दिनकर, वीसेक वर्षांचा, नव्या पगडीत. मास्तरांनी हात जोडले, तोंड उघडलं आणि तोंडातून आलं, “या, या! प्रवास सुखाचा झाला ना? आम्ही डोळे लावून बसलो होतो.”

मला रडावं की हसावं कळेना. तीस वर्षांची सवय. मेलेल्या उंदरांच्या घरातून आलेला तो माणूस मुलीपासून दोन पावलं मागे सरला होता आणि तोंड वहीतलं उजवं पान वाचत होतं.

“मास्तर!” मी मागून हाक मारली.

“जावईबापू,” ते म्हणाले, “हवा जरा... आज तुम्ही इथूनच परत...”

दिनकर हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. “हवा तर छान आहे, मामा. वडील म्हणालेच होते, स्टेशनावरून परत पाठवतील बघ. आम्हाला काही नको तुमचं. आईंना नमस्कार करून उद्याच्या गाडीने जातो. चल गं.” आणि त्याने बाहेर उभ्या असलेल्या टांगेवाल्याला हात केला.

टांगा हलला असता तर पाऊण तासात उत्तरा त्या घरात असती. कणगीशेजारी. आईने जवळ घेतलं असतं.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते वळले आणि चालत डॉक्टरच्या टेबलापाशी गेले. कुत्रं दिसलं तरी रस्ता बदलणारा माणूस, चार शिपायांच्या मधून सरळ गेला. आणि त्यांचा तो वर्गातला आवाज, शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा, मी पहिल्यांदा शाळेबाहेर ऐकला.

“माझ्या घरात काल उंदीर पडले. दोन. मी लपवलं.”

फलाटावरची माणसं एकदम मागे हटली. भोवती मोकळं वर्तुळ पडलं आणि मधे मास्तर एकटे. दिनकरने टांगेवाल्याला केलेला हात तसाच राहिला.

डॉक्टरने लेखणी खाली ठेवली. “घरात कोण कोण आहे?”

“मी आणि माझी बायको.”

“आणि ही मुलं?”

“ही आत्ता गाडीतून उतरली. माझ्या घरी आलेली नाहीत. मी त्यांना शिवलेलो नाही, तुमच्या शिपायांनी पाहिलं आहे. त्यांना परत पाठवा. नाशिकला.”

“आणखी कुणाला शिवलात? कालपासून बरोबर कोण होतं?”

मी त्यांच्यापासून आठ पावलांवर उभा होतो. त्यांच्या हाती दिलेलं पत्र सकाळी माझ्या हातात होतं. त्यांच्या ओसरीवर मी तासभर बसलो होतो. मी खाली फरशीकडे पाहत राहिलो आणि मनात देवाचं नाव घेत नव्हतो, तर फक्त एवढंच म्हणत होतो की त्यांनी वळून बघू नये.

ते वळले नाहीत. “कुणी नाही,” म्हणाले. “मी एकटाच आलो.”

संध्याकाळच्या इगतपुरीकडच्या गाडीपर्यंत उत्तराला आणि दिनकरला फलाटाच्या टोकाला बसवून ठेवलं. मास्तरांना शिपाई लगेच घेऊन निघाले. ती ओरडली, “नाना, आई कशी आहे?” मास्तर न थांबता म्हणाले, “बरी आहे.” तेव्हा ती बरीच होती.

वहिनींना त्याच दुपारी गाठोडं बांधून छावणीत नेलं. घराची कौलं उतरली. अंगणात अंथरुणं जळली, लुगडी जळली, दिवाळसणाला घेतलेलं जावयाचं उपरणं जळलं. लाल वहीही त्यातच गेली. मी माझ्या खिडकीच्या फटीतून पाहिलं. आमच्या घरात उंदीर पडला नाही. बोळातली बाकीची घरं तपासली आणि सोडली. मला कुणी काही विचारलं नाही.

नरकचतुर्दशीला गावात पणती दिसली नाही. पाडव्याला मी धीर करून छावणीकडे गेलो. तट्ट्यांच्या झोपड्या, भोवती काटेरी कुंपण. मास्तर कुंपणाशी आले. दाढी वाढलेली. माझ्याबद्दल मनात काही असेल तर ते चेहऱ्यावर नव्हतं. मी म्हणालो, “मास्तर, त्या दिवशी मी...” ते म्हणाले, “तिला कालपासून ताप आहे. गाठ आहे.” मग आम्ही दोघं कुंपणाच्या दोन बाजूंना उभे राहिलो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सुमतीवहिनी गेल्या.

मास्तरांना काही झालं नाही. दहा-बारा दिवसांनी सोडलं. उघड्या छपराच्या घरात ते एकटे राहिले, आणि नाशिकला पत्र लिहिलं. कोरं पत्र, एका ओळीचं. त्यावर आत्मारामपंतांचं उत्तर आलं नाही. ते स्वतःच आले. मास्तरांच्या ओसरीवर अर्धा दिवस बसले, पाणी प्यायले आणि जाताना म्हणाले, “तुम्ही माझा मुलगा वाचवलात. माझी तांबडी रेघ तेवढी विसरा.”

त्या दिवाळीचं वर्णन पत्रात आलं नाही. पुढच्या वर्षीचंही नाही, कारण पुढच्या वर्षी पुन्हा गाव रानात होतं. संपादकांनी दोनदा विचारलं, मग सोडून दिलं. मास्तर शाळेत येत, शिकवत, घरी जात. मी एकदा नवी वही नेऊन दिली. त्यांनी ती मुलांच्या हजेरीला वापरली.

दोन वर्षांनी प्लेग ओसरला तेव्हा दिवाळीला उत्तरा आली. कडेवर चार महिन्यांची मुलगी. दिनकरने मास्तरांना वाकून नमस्कार केला, आणि या वेळी मास्तर जागचे हलले नाहीत. उत्तराने बापाला अभ्यंगस्नान घातलं. आईच्या जागी चूल तिनेच पेटवली, फराळ तिनेच केला. करंज्या जरा करपल्या होत्या. मास्तर बोळात आले, माझ्या दाराशी उभे राहिले आणि मला एक करंजी देऊन गेले. मी दार पुरतं उघडलं होतं.

महिन्याभराने ठाण्याला कचेरीचं काम निघालं म्हणून मी गेलो, तेव्हा त्या पत्राचे संपादक भेटले. त्यांनी टेबलाच्या खणातून एक चिठ्ठी काढली. “तुमच्या खांबेटे मास्तरांनी दोन वर्षांनी मजकूर पाठवला. तोही सण होऊन आठ दिवसांनी. बाकीची पानं टपालात गहाळ झाली वाटतं. जरा विचारता का?”

मी चिठ्ठी पाहिली. अक्षर ओळखीचं, गोलसर, शाळामास्तरी.

‘कल्याण. दिवाळी झाली. मुलगी आली होती.’

“नाही,” मी म्हणालो. “गहाळ काही झालेलं नाही. मजकूर एवढाच आहे.”

संपादकांनी तो तसाच छापला. पुढे माहेरी आली तेव्हा उत्तराने माझ्याकडून तो अंक मागून घेतला, आणि मी देताना तिला फलाटावरची ती आठ पावलं सांगितली. तिने अंक पदराखाली घेतला. मग म्हणाली, “नानांनी मला कधीच सांगितलं नाही, काका. ते नेहमी एवढंच म्हणतात, त्या दिवशी कुणी जवळ यायला धजत नव्हतं, पण त्र्यंबक माझ्याबरोबर स्टेशनापर्यंत आला होता.”